नाण्याची पारख : पोतदारापासून पुंजविज्ञानापर्यंत

सावर्ड्याच्या बाजारांत वाण्याच्या दुकानीं उभें राहिलें, म्हणजे अलीकडे एक निराळाच आवाज कानीं पडतो. गिऱ्हाईक आपला मोबाइल फोन पुढें करून फळीवर चिकटविलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर धरतें, आणि गल्ल्याशेजारची लहानशी पेटी अमुक इतके रुपये पोंचले म्हणून मोठ्यानें सांगते. दुकानदार मान वर न करतां पुडी बांधून देतो. पेटी बोलली, व्यवहार संपला.

मला अशा वेळीं हटकून माझ्या आजीची आठवण होते. तिच्या पितळी डब्यांत कांहीं जुने रुपये होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ती ते बाहेर काढी, आणि पूजा झाल्यावर आम्हां मुलांच्या करमणुकीसाठीं एकेक रुपया ओटीवरच्या काळ्या पाट्यावर टाकून दाखवी. राणीछाप रुपया पडला, कीं त्याचा नाद घरभर घुमे. राजाछापांपैकीं कांहीं तसेच वाजत. पण दोनतीन रुपये मात्र बद्द वाजत, आणि आजी ते ‘लबाड रुपये’ म्हणून वेगळे ठेवी. तिला अक्षरओळख नव्हती. पुढें मी इतिहासाचा अभ्यास करूं लागल्यावर मला कळलें, कीं ते रुपये बनावट नव्हतेच. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा असे, व त्यांत बारांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें असे. १९४० सालीं, महायुद्धाच्या ओढगस्तींत, सरकारनें हें प्रमाण निम्म्यावर आणलें. वजन तेंच, छाप तशीच. कस मात्र उतरला. कडेवर नव्या तऱ्हेची खांच कोरून तो रुपया ठकांपासून जपण्याची व्यवस्थाहि त्याच सुमारास झाली. ठकाला सरकारनें अडविलें खरें, पण आजीच्या कानाला सरकार कांहीं फसवूं शकलें नाहीं.

आजी रुपया ऐकत असे. वाणी ऐकतो ती रुपयाविषयींची बातमी. पैसा खरा कीं खोटा हें ठरविण्याची शक्ति घेणाराच्या हातांतून निघून कोठें कोठें गेली, हा एक मोठा मनोरंजक इतिहास आहे. आणि त्याचें सर्वांत नवें प्रकरण पदार्थविज्ञानाच्या एका अद्भुत शाखेंत लिहिलें जात आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें परामर्ष घेण्याचें योजिलें आहे.

मराठी राज्यांतील नाण्यांची स्थिति आजच्या वाचकास गोंधळाची वाटेल. शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. त्यांपैकीं होन आज दुर्मिळ आहेत, शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकांतहि बाजारांत चालत होती. पेशवाईंत रुपयांचे प्रकार फार झाले. अंकुशी, चांदवडी, हाळी सिक्का अशीं नांवें कागदोपत्रीं पदोपदीं भेटतात, आणि गंमत अशी, कीं त्यांतील कित्येकांवर छाप दिल्लीच्या बादशहाचीच असे. नाणीं हातानें ठोकून पाडावयाचीं. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळें पुरा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटे. कडा कांतून रुपें काढणें, तांब्यावर रुप्याचा मुलामा देणें, हीण मिसळणें, ह्या सर्व विद्या तेव्हांहि लोकांस अवगत होत्या. अशा बाजारांत नाण्याच्या छापेवर कोणीं विसंबावें? लोक विसंबत ते पारख्यावर. गांवगाड्यांत हें काम पोतदाराकडे असे. तो जातीनें बहुधा सोनार. वसुलाचीं नाणीं वाजवून, तोलून, कसून घेणें हें त्याचें वतनी काम. शहरांत सराफ हेंच काम बट्टा घेऊन करी. संशय आलाच, तर तो छिन्नीनें नाण्यास छेद देऊन आंतील धातु पाही, आणि खरें ठरल्यास कधीं त्यावर आपली बारीकशी खूण ठोकी. जुन्या रुपयांवर ह्या खुणा आजहि दिसतात. परीक्षा पाहिलेलें नाणें परीक्षेपूर्वींचें राहत नाहीं, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

ह्या संदर्भांत १६७४ सालची रायगडावरील एक हकीगत मला फार अर्थपूर्ण वाटते. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील राज्याभिषेकाच्या वेळीं तह करण्यासाठीं आला होता. इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलुखांत चालावें, असें एक कलम त्यानें मागितलें. महाराजांचें उत्तर असें, कीं कोणतेंहि नाणें चालण्यास आपली मनाई नाहीं. परंतु ज्या नाण्यांत रयतेचें नुकसान आहे, तें घेण्याची जबरदस्ती आपण तिच्यावर करणार नाहीं. तुमचें नाणें इतरांच्या तोडीचें शुद्ध आणि वजनदार असलें, तर तें आपोआप चालेल. पारख करण्याचा अधिकार घेणाराचा, हें तत्त्व इतक्या स्वच्छपणें मांडलेलें उत्तर त्या काळच्या इतर दरबारांच्या कागदांत माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

त्याच शतकांत, तिकडे इंग्लंडांत, एक मोठा पदार्थविज्ञानवेत्ता नाण्यांच्या राखणीस बसला, हा योगहि नमूद करण्यासारखा आहे. आयझॅक न्यूटन १६९६ सालीं लंडनच्या टांकसाळीचा अधिकारी झाला, आणि खोटें नाणें पाडणारांचा त्यानें असा पिच्छा पुरविला, कीं विल्यम चॅलोनर नांवाचा नाणावलेला ठक १६९९ सालीं फांसावर गेला. गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनीं खोटें नाणें अडत नाहीं. तेथें न्यूटनलाहि साक्षीपुरावा आणि हेर लागले. सृष्टीच्या नियमानेंच ठकाचा हात धरावा, ही कल्पना सुचावयास आणखी पावणेतीनशें वर्षें जावयाचीं होतीं.

नाण्याहून अगदीं निराळ्या जातीचा पैसा म्हणजे हुंडी. हुंडीच्या कागदाला स्वतःची किंमत कांहींच नाहीं, आणि ती वाजवून पाहण्याचीहि सोय नाहीं. तिचा खरेपणा दोन पेढ्यांच्या मधल्या गुपितावर उभा असे. रक्कम एकदां लिहून भागत नसे. रुपये एक हजार, त्यांचे निमे पांचशें, त्यांची दुप्पट पुरे एक हजार, अशी ती फिरवून फिरवून लिहीत, म्हणजे एखादें शून्य वाढविणाराची पंचाईत व्हावी. हुंडीबरोबर, पण वेगळ्या वाटेनें, पैसे देणाऱ्या पेढीस सूचनेचें पत्र जाई. तें पोंचल्यावांचून पेढी पैसे मोजण्यास राजी नसे. शहाजोग हुंडीचे पैसे ओळखीच्या, पत असलेल्या सावकारालाच मिळत. वाटेंत लुटणाऱ्या चोराच्या हातीं तो निव्वळ रद्दी कागद. हुंडी गहाळ झाली, तर पेठ. तीहि गेली, तर परपेठ, अशा एकामागून एक प्रती देण्याची सोय होती, आणि एकीचे पैसे चुकते झाले, कीं बाकीच्या आपोआप मेल्या. सारांश, हुंडीची नक्कल करतां येई, पण त्या नकलेचा उपयोग होत नसे. मात्र हुंडी खरी कीं खोटी हें धारण करणारा स्वतः सांगूं शकत नव्हता. त्याला पेढीच्या पायऱ्या चढाव्याच लागत.

१८६१ च्या कायद्यानें सरकारी नोट आली, आणि तिनें नाणें व हुंडी ह्या दोहोंचे गुण एका कागदांत आणण्याचा यत्न केला. कागद विलायतेंत हातानें बनविलेला, त्यांत पाणछाप, वर छापील सही. शिवाय प्रत्येक नोटेची नोंद सरकारी वहींत. इतकी काळजी घेऊनहि राणीच्या चित्राची ती पहिली मालिका बनावट नोटांच्या सुळसुळाटामुळें मागें घ्यावी लागली, आणि १८६७ सालीं नवी मालिका निघाली. लोकांचाहि ह्या कागदावर भरंवसा बेताचाच होता. टपालानें नोट पाठवावयाची, तर ती मधोमध कापून एक अर्ध आधीं पाठवावें, तें पोंचल्याचें कळलें म्हणजे दुसरें पाठवावें, अशी वहिवाट होती. आमच्या कोंकणांतून मुंबईस गेलेल्या माणसांना ह्या यातायातींतून सोडविलें तें १८८० पासून टपालखात्यानें चालविलेल्या मनिऑर्डरीनें. त्या मनिऑर्डरींवर रत्नागिरी जिल्ह्याच्या तीनचार पिढ्या जगल्या. पुढें १९२८ पासून नोटा नाशिकास छापूं लागले, आणि पैशाचा छापखाना प्रथमच महाराष्ट्राच्या भूमीवर आला.

नाशिकचें नांव निघालें, कीं तेलगी प्रकरणाचा उल्लेख अपरिहार्य होतो. अब्दुल करीम तेलगी हा आपल्या सीमाभागांतला, बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरचा. त्यानें नोटा छापल्या नाहींत. मुद्रांकाचे कागद छापले. परंतु त्यानें जें केलें, तें पारखेच्या सर्व शास्त्राला निरुत्तर करणारें होतें. नाशिकच्या सरकारी छापखान्यांतील मोडींत काढलेलें यंत्रच त्याच्या हातीं लागलें होतें. ज्या यंत्रावर खरा कागद निघावयाचा, त्याच यंत्रावर खोटा निघाला, तर सराफानें काय पाहावें आणि कान लावून काय ऐकावें? तो २००१ सालीं पकडला गेला, पुढें न्यायालयानें त्यास तीस वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१७ सालीं तो बंदिवासांतच वारला. ठकाला दोन दारें असतात, हें ह्या प्रकरणावरून कळून येतें. एक दार नक्कल करणाऱ्या हाताचें. दुसरें, खुद्द टांकसाळीच्या मागल्या अंगणाचें.

दार कोणतेंहि असो, भुर्दंड कोणावर पडतो तो मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडील एका बँकेंत मी रांगेंत उभा होतों. माझ्यापुढें एक वृद्ध बाई होती. काजूच्या बिया विकून आलेल्या नोटा ती खात्यांत भरावयास आली होती. कारकुनानें त्यांतली एक पांचशेंची नोट उजेडाकडे धरली, यंत्रांतून दोनदां फिरविली, आणि नियमाप्रमाणें तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारून ती ठेवून घेतली. बाईच्या हातांत त्यानें पावती दिली. “आजी, ही नोट आतां परत मिळायची नाहीं, आणि तिचे पैसेहि मिळायचे नाहींत,” तो मृदुपणानेंच म्हणाला. बाईनें पावतीकडे पाहिलें आणि विचारलें, “मग माझ्या बियांचा काय?” ह्या प्रश्नाला कारकुनाजवळ उत्तर नव्हतें, रांगेंतल्या आम्हां शिकलेल्यांजवळहि नव्हतें. नियम योग्यच आहे. खोटी नोट बदलून मिळूं लागली, तर ठकांचें फावेल. पण नोट छापणारा, ती पहिल्यानें खपविणारा, आणि बिया घेऊन ती देणारा व्यापारी, हे सगळे सुटले, आणि पारख करण्याचें साधन जिच्याजवळ मुळींच नव्हतें ती बाई सांपडली. आजीच्या काळ्या पाट्यावर ही नोट वाजली नसती.

आतां ज्या प्रकरणाकडे हा सगळा मार्ग जातो त्याकडे वळूं. १९७० च्या आसपास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत स्टीफन वीझनर नांवाचा एक तरुण पदार्थविज्ञानाचें अध्ययन करीत होता. त्याच्या मनांत असें आलें, कीं ज्याची नक्कल करणें सृष्टिनियमानेंच अशक्य आहे, अशी नोट कां असूं नये?

ती कल्पना अशी. प्रकाशाचा सर्वांत लहान कण, ज्याला फोटॉन म्हणतात, त्याच्या कंपनाला एक दिशा असते. समजा, आपण चारच दिशा वापरल्या : उभी, आडवी, उजवीकडे कललेली आणि डावीकडे कललेली. अशा कणाला प्रश्न विचारण्याचे दोन प्रकार आहेत. ‘तूं उभा कीं आडवा?’ हा एक. ‘तूं उजवीकडे कललेला कीं डावीकडे?’ हा दुसरा. उभ्या कणाला पहिला प्रश्न विचारला, तर तो बिनचूक उत्तर देतो. पण त्यालाच दुसरा प्रश्न विचारला, तर तो नाणें उडवून दिल्यासारखें वाटेल तें उत्तर देतो. आणि विशेष हें, कीं उत्तर देतांना तो खरोखरच तसा होऊन बसतो. आपण मूळचे उभे होतों ही आठवण त्याच्यांत उरत नाहीं. दोन्ही प्रश्न एकाच वेळीं विचारण्याची सोय सृष्टीनें ठेवलेली नाहीं. पूर्वींच्या सराफाची छिन्नी येथें आठवावी. तेथें छेद नाण्याच्या अंगावर पडे. येथें चुकीचा प्रश्न नाण्याचें अंतरंगच पालटून टाकतो.

वीझनरच्या नोटेवर छापील क्रमांक असावयाचा, आणि आंत असे वीस कण वीस कुप्यांत कोंडलेले असावयाचे. कोणत्या क्रमांकाच्या नोटेंत कोणता कण कोणत्या दिशेचा, हें बँकेच्या गुप्त वहींत लिहिलेलें. नोट बँकेंत आली, कीं वही पाहून प्रत्येक कणाला योग्य तोच प्रश्न विचारावयाचा. उत्तरें जुळलीं, कीं नोट खरी. ठकाजवळ वही नाहीं. कोणत्या कणाला कोणता प्रश्न विचारावा हें त्याला कळत नाहीं. अंदाजानें विचारून, मिळालेल्या उत्तरांप्रमाणें त्यानें नवी नोट भरली, तर एकेक कण बँकेच्या परीक्षेंत उतरण्याचा संभव चारांत तीन इतका राहतो. हें प्रमाण मोठें दिसतें खरें. पण वीसच्या वीस कण उतरण्याचा संभव सुमारें तीनशें पंधरांत एक, आणि कण शंभर केले तर सुमारें तीन लाख कोटींत एक! येथें कारागिराचें कौशल्य, कागदाची जात, शाईचें गुपित, यांपैकीं कशाचाहि संबंध नाहीं. अज्ञात स्थितींतील कणाची हुबेहूब प्रत काढतां येत नाहीं, हा सिद्धांत पुढें १९८२ सालीं वूटर्स व झुरेक यांनीं, आणि स्वतंत्रपणें डीक्स यांनीं, सिद्ध करून दाखविला.

वीझनरच्या निबंधाची कथा मात्र उद्वेगजनक आहे. तो छापण्यास नकार मिळाला, आणि वीझनरनें तो बाजूस टाकला. चार्ल्स बेनेट हा त्याचा विद्यार्थिदशेंतला मित्र. त्यानें ती कल्पना मनांत जपून ठेवली. १९७९ सालीं पोर्तो रीको बेटांतील एका परिषदेच्या वेळीं समुद्रांत पोहतां पोहतां त्यानें ती झील ब्रासार ह्या कॅनडांतील तरुणास सांगितली, अशी हकीगत ते दोघेहि सांगत आले आहेत. वीझनरचा मूळ निबंध १९८३ सालीं, म्हणजे सुमारें तेरा वर्षांनीं, संगणकशास्त्राच्या एका पत्रिकेंत छापून आला. स्वतः वीझनर पुढें इस्राएलमध्यें जाऊन राहिला, तेथें इमारतींच्या कामावर मजुरीहि करीत असे, आणि २०२१ सालीं वारला.

बेनेट व ब्रासार यांच्या ध्यानांत आलें, कीं कण कोंडून ठेवणें फार कठीण. पण ते पाठविणें त्या मानानें सोपें. मग नोटेच्या ऐवजीं त्याच चार दिशांच्या कणांनीं दोन माणसांमध्यें गुप्त किल्ली कां पोंचवूं नये? मध्यें कोणीं डोकावलें, तर कण बिघडतील आणि चोरी उघडकीस येईल. हा निबंध त्यांनीं डिसेंबर १९८४ मध्यें वाचला तो आपल्या बंगलोरास भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत. आज जगभर ज्या विद्येचा गवगवा आहे, तिचा पुकारा भारतभूमीवर झाला, हें आपल्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. हुंडी मेली आणि सूचनेचें पत्र तेवढें जगलें, असें ह्या घटनेचें वर्णन करण्याचा मोह मला होतो. २०२३ सालीं भारत सरकारनें सहा हजार कोटींहून अधिक रकमेची जी राष्ट्रीय पुंजविज्ञान योजना मंजूर केली, तिच्यांतहि ह्या गुप्त दळणवळणाला मोठें स्थान आहे.

मूळ नोटेचें काय झालें? तिच्यांत एक वैगुण्य होतें, आणि तें आपल्या ओळखीचें आहे. ती फक्त बँकेलाच पारखतां येते. वाण्यानें ती घेतली, तर खरी कीं खोटी हें कळण्यासाठीं त्याला बँकेंत जावें लागणार. म्हणजे पुन्हां हुंडीच्या पायऱ्या. इतकेंच नव्हे. पुढें असें दिसून आलें, कीं बँक तपासलेली नोट तशीच परत देऊं लागली, तर ठक एकेक कण मुद्दाम बदलून, बँकेच्या होकार-नकारांवरूनच सर्व गुपित हळूहळू काढून घेईल. तेव्हां नापास नोट बँकेनें जप्त करावी, आणि पास झालेलीहि बदलून नवी द्यावी! काजूच्या बिया विकणाऱ्या त्या बाईची नोट जशी राहून गेली, तसाच हा प्रकार. सृष्टिनियमानें नक्कल करणाराचें दार बंद केलें, तरी गुप्त वही बँकेच्याच घरांत राहिली, आणि तेलगीचें दार जेथल्या तेथें आहे.

म्हणूनच कोणालाहि पारखतां येईल, पण कोणालाहि उतरवून घेतां येणार नाहीं, अशी नोट शोधण्याकडे २००९ पासून कांहीं विद्वानांचें लक्ष लागलें आहे. स्कॉट आरन्सन हा त्यांतला अग्रणी. त्यानें व पॉल क्रिस्टियानो यानें २०१२ सालीं एक योजना मांडली. तिच्यांत वापरलेलें विशिष्ट गणित पुढें फुटलें, आणि दुसरें शोधावें लागलें. येथें एक अडचण मूळचीच आहे. पारखण्याची रीत सर्वांना उघड केली, कीं केवळ सृष्टिनियमाचें कुलूप पुरत नाहीं. अमर्याद गणनशक्ति असलेला ठक ती रीत वापरूनच खरी नोट घडवूं शकेल. तेव्हां अमुक एक गणित सोडविणें अतिशय अवघड आहे, ह्या गृहीतावर थोडें तरी रेलावेंच लागतें. पोतदाराचा अधिकार पुन्हां रयतेच्या हातीं द्यावयाचा, तर त्याची ही किंमत आहे. ती देण्यासारखी आहे असें माझें मत. कारण सध्यां वाण्याच्या पेटीचा शब्द तेवढाच आपल्या वांट्यास आला आहे, आणि फोनवर पैसे पोंचल्याचें खोटें चित्र दाखवून दुकानदारांस फसविणारेहि निपजलेच आहेत.

राहिला प्रश्न कण कोंडून ठेवण्याचा. ते इतके हळवे असतात, कीं बाहेरच्या यत्किंचित् धक्क्यानें आपली स्थिति विसरतात. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील संशोधकांनीं युरोपियम नामक मूलद्रव्य मिसळलेल्या स्फटिकांत अशी नाजूक स्थिति सुमारें सहा तास टिकवून धरण्यांत यश मिळविलें. त्यासाठीं तो स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दोन अंशांवर, म्हणजे शून्याखालीं २७१ अंशांच्या थंडींत ठेवावा लागला. सावर्ड्याहून कोंकण रेल्वेनें मुंबई गांठावयास साधारण तेवढेच तास लागतात. मात्र गाडीस उशीर झाला तर काय, हें त्या संशोधकांनीं सांगितलेलें नाहीं.